टेन्शन शरीरात मुरते तेव्हा

आमच्या मोठ्या खालाच्या औषधाच्या डब्यात कायम पांढऱ्या पुड्या असायच्या. वर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. नाशिकच्या जुन्या वस्तीतल्या एका डॉक्टरांकडून ती दर आठवड्याला चौदा पुड्या आणायची. सकाळी एक, रात्री एक. त्याआधी सांधेदुखीने तिची बोटे सकाळी वळत नसत, पीठ मळताना डोळ्यांत पाणी यायचे. पुडी सुरू झाली आणि चौथ्याच दिवशी ती स्वतः जिना चढून गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेली. "बेटा, या माणसाच्या हाताला शिफा आहे," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायची. तिच्या सांगण्यावरून मोहल्ल्यातल्या आणखी चार-पाच जणी तिथे जाऊ लागल्या.

असे तीन वर्षे चालले. खालाचा चेहरा भरला, गोल झाला. शादीला आलेले पाहुणे म्हणाले, "माशाअल्लाह, तब्येत सुधारली." पोट वाढले, मात्र हातपाय काडीसारखे होत गेले. दंडाला दाराची कडी लागली तरी निळा डाग पडायचा आणि आठवडाभर जायचा नाही. मग रक्तात साखर निघाली. आमच्या खानदानात शुगर आहेच, म्हणून कोणाला नवल वाटले नाही. एका पहाटे वजू करायला मोरीत गेली आणि पाय घसरला. पडणे तसे साधेच होते, पण खुब्याचे हाड मोडले.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी तिचा चेहरा न्याहाळला आणि विचारले, "अम्मा, सांधेदुखीसाठी काय घेता?" भाभीने पिशवीतून पुडी काढून दिली. डॉक्टरांनी ती उघडलीही नाही. "स्टिरॉइड," ते म्हणाले. पुढच्या तपासण्यांनीही तेच सांगितले. भाभी रागाने ती पुडी कचऱ्यात टाकायला निघाली, तर त्यांनी तिलाही थांबवले. म्हणाले, "एकदम बंद करायचे नाही. त्याने जीवही जाऊ शकतो."

जे औषध घेऊन हाड मोडले, तेच बंद केले तर जीव जाईल, हे मला तेव्हा कळले नव्हते. ते समजून घेताना लक्षात आले, की खालाच्या पुडीत जे होते त्याचा सख्खा भाऊ आपल्या प्रत्येकाच्या शरीरात रोज तयार होतो आणि आपण ज्याला 'टेन्शन' म्हणतो त्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. अचानक कुत्रा अंगावर धावून आला, की ती आधी ॲड्रेनलिन सोडते. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. काही मिनिटांत मागोमाग येते कॉर्टिसॉल. हे संथपणे काम करणारे रसायन आहे. ते रक्तातून पेशीत शिरते, तिथल्या एका प्रथिनाला चिकटते आणि त्याच्यासोबत पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणते जनुक चालू ठेवायचे, कोणते बंद, हे ठरवते. थोडक्यात, ते पेशीला हुकूम देते: बाकीची कामे राहू द्या, आधी जीव वाचवा. यकृताला साखर बनवायला लावते. स्नायूंतले प्रथिन मोडून त्या साखरेसाठी कच्चा माल पुरवते. सूज आणणाऱ्या पेशींना गप्प बसवते. हाड बांधणाऱ्या पेशींचे काम मंदावते, कारण कुत्रा मागे लागलेला असताना हाड बांधत बसायची गरज नसते.

कुत्रा गेला, की मेंदू ग्रंथीला थांबण्याचा इशारा देतो. एरवीही कॉर्टिसॉलचे स्वतःचे वेळापत्रक असते. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या तासात ते सर्वात वर असते, म्हणून आपण अंथरुणातून उठू शकतो. दिवसभर ते उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला पोहोचते. त्या रात्रीच्या वेळात पेशी दिवसाची तूटफूट भरून काढतात. म्हणजे हे रसायन काही आपले दुश्मन नाही. ते अजिबात नसेल, तर माणूस साध्या तापातही कोसळतो. खालाच्या बाबतीत नेमका तोच धोका होता. तीन वर्षे बाहेरून भरपूर पुरवठा झाल्यामुळे तिच्या ग्रंथींनी आपले काम जवळजवळ सोडून दिले होते. त्यांना पुन्हा कामाला लावायचे तर डोस आठवड्यांनी, कधी महिन्यांनी हळूहळू उतरवावा लागतो.

या औषधाची गोष्टही खालासारखीच सुरू झाली होती. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने खाटेला खिळलेल्या एका 29 वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. शरीरात गेल्यावर त्याचे कॉर्टिसॉल होते. काही दिवसांत ती चालत बाहेर पडली. जगभर चमत्कार, चमत्कार झाले. 1950 मध्ये हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडाल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइशस्टाइन यांना नोबेल मिळाले. पण तोवर गोल चेहरा, पातळ कातडी, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर हेही दिसू लागले होते. डॉक्टरांना हे चित्र ओळखीचे होते. मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी 1932 मध्ये ज्या आजाराचे वर्णन केले होते, त्यात रुग्णाची स्वतःची ग्रंथीच बेसुमार कॉर्टिसॉल बनवते आणि शरीराचे हेच हाल होतात.

आता भाभीबद्दल. खालाचे ऑपरेशन झाले, पण त्यानंतर ती पहिल्यासारखी चालली नाही. रात्री तीन-चार वेळा तिला उठवून बसवावे लागे. हे सगळे भाभीवर आले, कारण घरात सून तीच. दिवसा स्वयंपाक, मुलांची शाळा, भाईजानचे दुकानातले जेवण, रात्री खाला. भाभीने आयुष्यात एकही पुडी घेतली नव्हती. तरी दोन वर्षांत तिचे ब्लडप्रेशर वाढले, पोटाचा घेर वाढला, साखर काठावर आली. वय चाळिशीच्या आत-बाहेर. महिन्याआड सर्दी-खोकला. एकदा रोट्या करताना तव्याला मनगट भाजले. जखम मोठी नव्हती, पण दीड महिना भरली नाही. "हात पाण्यात असतो ना सारखा," ती म्हणायची.

पाणी असेलच कारण. पण मला नंतर अमेरिकेतल्या ओहायोमधला 1995 मधला एक अभ्यास वाचायला मिळाला आणि भाभीचे मनगट आठवले. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी 13 अशा स्त्रिया घेतल्या, ज्या घरात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करत होत्या, आणि त्यांच्याच वयाच्या 13 दुसऱ्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. बाकीच्यांना सरासरी 39 दिवस लागले. सेवा करणाऱ्यांना 48 ते 49. जखम भरायची तर सुरुवातीला त्या जागी थोडी सूज यावी लागते, पेशींना हाक जावी लागते, आणि ताणाखालच्या शरीरात ती हाकच क्षीण झालेली असते.

दुसरा अभ्यास 2004 मधला, कॅलिफोर्नियातला, आयांचा. एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी 58 मातांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या. त्यांतल्या 39 जणींची मुले दीर्घ आजारी होती. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची नळी असते तशी, टेलोमिअर नावाची टोपणे असतात. पेशी दुभंगते तेव्हा ती थोडी झिजतात. फार झिजली, की पेशी म्हातारी होते. ज्या माता सर्वाधिक ताण असल्याचे सांगत होत्या, त्यांची टोपणे सर्वात कमी ताणाच्या मातांपेक्षा निदान दहा वर्षे जास्त वय असावे इतकी आखूड निघाली. आजारी मुलाची सेवा जितकी वर्षे जास्त, तितकी झीज जास्त. चार वर्षांनी कॅलिफोर्नियातच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी रोगप्रतिकारक पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांत कॉर्टिसॉल घातले, तेव्हा ही टोपणे दुरुस्त करणाऱ्या टेलोमरेज या विकराचे काम घटलेले दिसले. ब्लॅकबर्न यांना टेलोमिअरच्या मूळ शोधासाठी 2009 चे नोबेल मिळाले.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण हल्ली मोबाइलवर 'कॉर्टिसॉल फेस' आणि 'कॉर्टिसॉल डिटॉक्स'चे व्हिडिओ फार फिरतात. घरच्या टेन्शनने कोणाचा चेहरा खालासारखा गोल होत नाही. तेवढे कॉर्टिसॉल फक्त औषधाने किंवा ग्रंथीच्या गाठीनेच वाढते. ताणाचे नुकसान जास्त लपून होते. रात्री तळाला जायला हवे ते कॉर्टिसॉल पुरेसे उतरत नाही, सकाळी वर यायला हवे ते नीट वर येत नाही, आणि दिवसाचा चढ-उतार सपाट होत जातो. शिवाय सतत ओरडणाऱ्या माणसाकडे घरातले जसे दुर्लक्ष करू लागतात, तशा पेशी त्याचा हुकूम ऐकेनाशा होतात. शेल्डन कोहेन यांनी 2012 मध्ये 276 निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून हे दाखवले. ज्यांच्या पेशी दीर्घ ताणामुळे कॉर्टिसॉलला बहिऱ्या झाल्या होत्या, त्यांनाच सर्दी जास्त झाली. म्हणून टेन्शनसाठी रक्तातले सकाळचे कॉर्टिसॉल तपासून फारसे काही हाती लागत नाही. त्या पैशांत साखर, बीपी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. थकवा आणि चिडचिडीच्या मागे कितीदा तरी यांतलेच काही निघते, आणि त्यावर इलाज आहे.

नाशिककरांनी या रसायनाचे दोन्ही चेहरे 2021 च्या उन्हाळ्यात एकदम पाहिले. 21 एप्रिलला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि 20 हून अधिक रुग्ण गेले. त्या दिवसांत प्रत्येक घरात कोणीतरी मोबाइलवर बेड शोधत होते. व्हॉट्सॲपवर औषधांच्या चिठ्ठ्या फिरत होत्या आणि बहुतेक चिठ्ठ्यांत डेक्सामेथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन होते. दोन्ही कॉर्टिसॉलच्याच घराण्यातली. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवले होते, की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. आपल्याकडे पहिले वाक्य पोहोचले, दुसरे बऱ्याच घरांपर्यंत पोहोचलेच नाही.

6 मिलिग्रॅम म्हणजे किती? शरीर दिवसभरात साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवते. डेक्सामेथासोन इतके जोरकस आहे, की त्याचे 6 मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या 160 मिलिग्रॅमइतके काम करतात. निदान आठ पट. ऑक्सिजनवरच्या माणसाच्या फुफ्फुसात पेटलेली आग विझवायला तेवढे हवेच होते. पण घरी, पहिल्याच तापात, कोणी सांगितले म्हणून दोन-तीन आठवडे घेतलेल्या गोळ्यांनी साखर भडकली आणि प्रतिकारक पेशी दबल्या. मग नाकातून डोळ्याकडे काळी बुरशी शिरली. मे महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसची नोंद सक्तीची करायला सांगितले तेव्हा महाराष्ट्र सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत होता. त्या रुग्णांत बहुसंख्य मधुमेही होते आणि बहुतेकांना स्टिरॉइड मिळालेले होते. कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा वरचा जबडा.

भाभीचे माहेर मालेगावचे. तिचा धाकटा भाऊ यंत्रमागावर काम करतो. तिथे लाखाहून अधिक माग आहेत, ते दिवसरात्र चालतात, आणि पाळी बारा तासांची. शुक्रवारी माग थांबतात तेव्हा शहराचा आवाजच बदलतो, हे तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, तेव्हा त्याचे कॉर्टिसॉल वर चढायची वेळ झालेली असते. त्याला झोपायचे असते, शरीर म्हणते उठ. दिवसा पत्र्याखाली, शेजारच्या मागांच्या खडखडाटात चार-पाच तासांची झोप होते. जोराचा आवाज झोपेतही ताणाची रसायने सोडायला लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. भाऊ हसतो. "आपा, पाळी बदलून कोण देणार?" त्याचे खरे आहे. माग त्याचे नाहीत. पण दिवसा झोपायच्या खोलीला जाड पडदा, मुलांना त्या वेळात खाली पाठवणे आणि पाळीच्या शेवटच्या तासांत चहा-तंबाखू बंद, एवढे त्याने केले. दुपारची झोप तासाभराने वाढली, असे तो सांगतो.

नुकसान झाले ते कायमचेच, असेही नाही. कुशिंगचा आजार झालेल्यांच्या मेंदूत आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग आकसलेला आढळतो. उपचारांनी कॉर्टिसॉल खाली आल्यावर तो पुन्हा काहीसा भरून येतो, हे 1999 मध्ये अमेरिकेत स्कॅन करून पाहिले गेले आहे. रोजचे चालणे आणि वेळेवर झोप उपयोगी आहेच, ते सगळ्यांना ठाऊकही असते. पण सर्वात मोलाची गोष्ट मला 2003 च्या एका प्रयोगात सापडली. झुरिखमध्ये काही पुरुषांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणिते करायला लावली. ज्यांना आधी जवळच्या मित्रासोबत बसू दिले होते, त्यांचे कॉर्टिसॉल एकट्याने आलेल्यांपेक्षा कमी वाढले. मित्राने गणित सोडवून दिले नव्हते, तो फक्त सोबत होता. आपल्याकडे बाईला 'सबर कर' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्यासोबत बसणारे कमी.

बोलायला घरात कोणीच नसेल, तर 14416 हा केंद्र सरकारचा टेली-मानस क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

आणि पुडीबद्दल. स्टिरॉइड दम्याला, संधिवाताला, कितीतरी आजारांना खरोखर लागते आणि योग्य हातात ते जीव वाचवते. दम्याच्या पंपातले तर फार थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते, त्याला घाबरून तो सोडू नये. पण नाव नसलेली पुडी घेऊ नये. औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि डॉक्टर लिहायला तयार नसतील तर तिथून उठावे. कोणी आधीच बरेच दिवस घेत असेल, तर हा लेख वाचून आज बंद करू नये. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात किंवा एमडी डॉक्टरांकडे जावे आणि किती महिने घेतली ते खरे सांगावे. अशा माणसाने रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून डोसच्या वेळाही ठरवून घ्याव्यात.

खालाचा डोस उतरवायला सात महिने लागले. सांधेदुखीवर आता आठवड्यातून एकदा घ्यायची दुसरी गोळी आहे, सोबत रक्ततपासणी. बोटे पुन्हा थोडी आखडतात, आणि ती अजूनही कधीकधी त्या जुन्या डॉक्टरांची आठवण काढते. भाभीसाठी मात्र डॉक्टरांनी वेगळीच चिठ्ठी लिहिली. बीपीच्या गोळीखाली त्यांनी लिहिले होते, 'सलग सहा तास झोप', आणि भाईजानना आत बोलावून ती वाचून दाखवली. भाईजान गप्प बसले. घरी आल्यावर त्यांनी खालाच्या खाटेशेजारी आपली गादी टाकली. आता आठवड्यातल्या तीन रात्री ते, दोन रात्री मोठा मुलगा. पहिल्या आठवड्यात खाला रात्री हाक मारायची ती सुनेच्याच नावाने, आणि भाईजान दोनदा झोपेतून उठलेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून ती "अरे बेटा" म्हणू लागली.